वजनकाट्याच्या अलीकडचं वळण

अप्पा,

तुम्ही माझी मिसळ खाल्ली नाहीत.

हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण तुम्ही गेल्यापासून लोक तुमच्याबद्दल फार गोड बोलायला लागलेत. परवा बाराव्याला शिवाजी पेठेत तुमच्या गल्लीत मांडव घातला होता. तिथं एकजण उभा राहून म्हणाला, "अप्पांनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही." मी मागच्या रांगेत बसलो होतो. मनात म्हटलं, माझं दुखावलंय की. चुकून नाही, विचार करून, समोर बसवून, चहाचे घोट घेत घेत दुखावलंय. त्या मांडवात तुमच्यावर रागावलेला मी एकटाच असेन. आणि तुम्हाला नीट ओळखणाराही मीच असेन, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटलं.

रंकाळ्यावर मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझी साखर वाढलेली, पोट शर्टाच्या बटणांशी भांडत होतं, आणि डॉक्टरांनी "रोज चाला" म्हणून सांगितलेलं. मी चालत होतो. तुम्ही मागून पळत आलात. शिडशिडीत अंग, पांढऱ्या मिशा, आणि एसटीतून निवृत्त होऊन वर्षं झाली तरी चेहऱ्यावर वाहतूक नियंत्रकाचाच भाव, जणू समोरून येणारा प्रत्येकजण उशिराच येतोय. मला ओलांडताना म्हणालात, "पावणं, चपला घालून फिरायचं असंल तर मंडईत जावा. हितं बूट घालून या."

मला कुणी न मागता सल्ला दिला की डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी बूट घालून आलो तो तुम्हाला चार शब्द सुनवायला. पण तुम्हाला गाठायला पळावं लागलं, आणि पळताना बोलता येईना. तुम्ही मागं वळून म्हणालात, "हां, आता कसं!" माझं पळणं असं सुरू झालं. तुम्हाला शिव्या द्यायच्या राहिल्या म्हणून.

नंतर चहाच्या गाड्यावर तुम्ही माझी चौकशी केलीत. नाव आनंदा. कागलच्या रस्त्याला जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापार. सुरुवात गॅरेजमध्ये नटबोल्ट धुण्यापासून. हे ऐकल्यावर लोक दोनच गोष्टी करतात. एकतर "शून्यातून उभा राहिलास" म्हणून पाठ थोपटतात, नाहीतर "किती जणांच्या गळ्यात मारलीस भंगारं" म्हणून हसतात. तुम्ही तिसरंच विचारलंत. "दिवसातनं किती तास खुर्चीवर बसतोस?"

पुढं महिना-दोन महिन्यांनी मी विचारलं, "अप्पा, माझ्यासारख्याची हाफ मॅरेथॉनची चांगली वेळ म्हणजे किती धरायची?"

"तुझी? दोन तासांच्या आत."

"दोन दहा करा."

"न्हाई."

"बरं, तुमचं राहू दे, माझं राहू दे, दोन पाच."

मी गळ्यातला घामाचा टॉवेल काढला, तुमचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि बैलबाजारात करतात तशी आतून तुमची बोटं दाबली. पाच बोटं. दोन पाच. आपल्याबरोबर पळणारे विद्याताई आणि ओंकार हसून हसून बाकावरून पडायला आले होते. तुम्ही हात काढून घेतलात आणि माझ्याच टॉवेलला पुसलात.

"आनंदा, ह्यो ट्रॅक्टर न्हवं लेका. दोनच्या आत म्हंजे आत."

हे भांडण मुळात तिथलंच आहे, अप्पा. जुन्या ट्रॅक्टरवर किंमत छापलेली नसते. घेणारा एक सांगतो, देणारा एक सांगतो, दोघांचं जिथं जमतं ती किंमत. पळण्याच्या वेळेचंही तसंच असावं, असं मला वाटायचं. आपण काही पहिला नंबर काढणारे नाही. ती काटकुळी पोरं तास-सव्वा तासात एकवीस किलोमीटरची हाफ संपवतात, आणि आपण मैदानात शिरतो तेव्हा आंघोळ करून गाडीला किक मारत असतात. आपल्या वेळेला ना बक्षीस, ना पेपरात नाव. मग ती चांगली की वाईट, हे ठरवणार कोण? आपणच. आणि आपणच ठरवणार असलो तर जरा मागंपुढं व्हायला काय हरकत आहे?

तुमचं म्हणणं उलटं. आपल्याला कुणी विचारत नाही, म्हणूनच चोख राहायचं. एसटी स्टँडवरचं तुमचं ते वाक्य तुम्ही आम्हाला इतक्यांदा ऐकवलंत की ओंकार तुमची नक्कल करायचा: "गाडी गेटात आली म्हंजे आली न्हवं. फलाटाला लागली, की आली."

आणि मिसळीची रीत तुमचीच. ज्यानं आपली ठरलेली वेळ मारली, त्यानं सगळ्यांना मिसळ घालायची. ज्याला ती वेळ मान्य, त्यानं खायची. मान्य नसेल त्यानं नुसता चहा घ्यायचा. वरून गंमत वाटायची, पण त्या कळकट टेबलावर भल्याभल्यांचे चेहरे पडलेले मी पाहिलेत. ओंकार पंचविशीतला, कंपनीत नोकरी, ना बायको ना पोरं. एक पंचेचाळीसला हाफ मारून नाचत आला, तर तुम्ही चहा मागवलात. "तुझ्या वयात एक पंचेचाळीस म्हंजे झोपेतनं उठून आल्यागत हाय." मग पुढच्या वर्षी एक छत्तीस.

आणि विद्याताई. दिवसभर शाळेत शिकवून घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी बाई. दहा किलोमीटरला तिला एक तास बावीस मिनिटं लागली, आणि तुम्ही मिसळ खाल्लीत. वर कट मागून घेतलात. तिसरा पाव मागून घेतलात.

मी म्हणालो, "अप्पा, एक बावीस म्हणजे चालणंच की."

"तू चार दिवस तिच्या घरात ऱ्हा, आणि मग चालून दाखव."

"म्हणजे तिला सवलत."

"सवलत न्हवं रं. तिचा भाव त्यो हाय. त्यात एक पैसा कमी केला न्हाई मी."

"मग माझाच भाव एवढा चढा का?"

तुम्ही पाव मोडत, माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुला खालचा सांगितला तर तू त्यातनं बी कमी करशील."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मी घरी घेऊन गेलो.

कारण असं आहे अप्पा, की माझ्याबद्दल हे वाक्य लोक आयुष्यभर बोलत आलेत. गॅरेजमधून बाहेर पडून पहिला ट्रॅक्टर विकला तेव्हा भावकी म्हणाली, गोड बोलून गळ्यात मारला. यार्ड उभं केलं तेव्हा म्हणाली, कुणाची तरी अडचण बघून जागा उचलली. बंगल्याच्या वास्तुशांतीला जेवून हात धुता धुता म्हणाली, घासाघीस करून गवंड्याला पिळला असणार. मी कमावलेली एकही गोष्ट कुणी माझ्या नावावर सरळ मांडली नाही. प्रत्येक ठिकाणी "त्यानं कमी करून घेतलं" हेच. पळणं ही पहिली गोष्ट होती जिथं समोर कुणी विकणारा नव्हता. माझेच पाय, माझाच दम. रस्त्याशी घासाघीस करता येत नाही.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यातली ती हाफ माझ्यासाठी काय होती, ते तुम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, तुम्हाला होतं.

शेवटच्या दोन किलोमीटरला मला डोळ्यांपुढं काजवे दिसत होते. मैदानात शिरलो, झेंड्याच्या खांबापाशी पट्टी ओलांडली आणि घड्याळ दाबलं. एक अठ्ठावन्न चाळीस. मी, आनंदा, नव्वदच्या वर वजन असलेला, साखरवाला, खुर्चीवर बसून खाणारा माणूस. मी मैदानात मातीत बसलो आणि रडलो. त्याआधी कधी रडलो होतो ते आठवत नाही.

तुम्ही बऱ्याच वेळानं आलात. दोन चोवीस. तुमच्या मानानं उशीर. मी गळ्यात पडायला आलो, तर तुम्ही म्हणालात, "वळण अलीकडं हुतं."

बस्स. शाबास नाही, काही नाही.

मिसळीच्या टेबलावर सगळं उलगडलं. दरवर्षी परतीचं वळण वजनकाट्याच्या दारात असतं. त्या दिवशी काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, रस्त्यात जागा नव्हती, म्हणून संयोजकांच्या पोरांनी वळणाचा तो लाल शंकू अलीकडं, पेट्रोल पंपापाशी आणून ठेवला. आम्ही सगळे पंपापाशी वळलो. विद्याताई त्या दिवशी पळत नव्हती, पंपापाशी पाणी द्यायला उभी होती, तिनं हसत हसत सांगितलं, "अप्पा शंकू सोडून सरळच निघाले. पोरं शिट्ट्या मारतायत, आजोबा, आजोबा, हिकडं वळा! अप्पा ट्रॉल्यांच्या मधनं वाट काढत गेले, काट्याला हात लावला आणि आले." ओंकारच्या जीपीएसच्या घड्याळात अंतर भरलं होतं तीनशे मीटर कमी.

मी म्हणालो, "घड्याळं चुकतात. झाडी असते, ढग असतात."

ओंकार म्हणाला, "काका, एक झाड न्हाई त्या रस्त्याला."

मी म्हणालो, "संयोजकांनी जिथं वळायला सांगितलं तिथं मी वळलो. माझी काय चूक?"

"तुझी चूक न्हाईच," तुम्ही म्हणालात. "चूक कोण म्हणतंय?"

मालकानं सगळ्यांपुढं मिसळ ठेवली. तुमच्यापुढंही. तुम्ही ती हलकेच माझ्याकडं सरकवलीत आणि चहा सांगितलात.

"अप्पा, खावा की," विद्याताई म्हणाली. "आनंदाकाकांनी जीव काढलाय."

"काढलाय. मी बगितलाय. पण आनंदा, ही वेळ तुला सवलतीत मिळालीया."

अप्पा, त्या जागी तुम्ही मला थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. तो एक शब्द तुमच्याकडं कुठून आला? सगळ्या शब्दांतून तोच? मी उठलो. काय काय बोललो ते आठवतंय, आणि एकही शब्द परत घेत नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं कमावलेलं बघवत नाही, असंही बोललो. तुम्ही चहा संपवलात, कप उपडा ठेवलात आणि म्हणालात, "पुढच्या येळंला काट्याला हात लावून ये. मी तीन पाव खातो." मी हिशेब चुकता करून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवसापासून मी रंकाळ्याला उलटा पळायला लागलो. तुमचं तोंड बघायला नको म्हणून. आता यात किती अक्कल होती बघा. तळ्याला दोघं उलट्या दिशांनी फेऱ्या मारायला लागले की एका फेरीत दोनदा समोरासमोर येतात. पूर्वी तुमची पाठ दिसायची, आता रोज तोंड दिसायला लागलं. प्रत्येक वेळी तुम्ही हात वर करायचात, स्टँडवर गाडी सोडताना चालकाला करायचात तसा, कोपरातून ताठ. मी पाण्याकडं बघायचो. माझी बायको सुरेखा रोज म्हणायची, "एकदा जाऊन या की अप्पांकडं. पाय झिजतायत का?" मी म्हणायचो, "त्यांनी यावं." तिनं एकदा वैतागून विचारलं, "आणि ते आले न्हाईत तर?" मी म्हटलं, "येतील. गिऱ्हाईक फिरून येतं. घाई करायची नसते."

तुम्ही आला नाहीत. झोपेतच गेलात. कुणालाही भावावर बोलू न देता.

रक्षाविसर्जन करून पंचगंगेवरून आम्ही तुमच्या दारात येऊन बसलो. चहा फिरत होता. तुमचे मेव्हणे, गावाकडचे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढं पळून काय मिळवलं भावजींनी? शेवटाला हे असंच. बरं, पहिला नंबर तरी कधी काढला का? आमी तर न्हाई ऐकलं."

आत सुमनकाकी, तुमच्या घरच्या, बसल्या होत्या. दार उघडं होतं.

"पावणं," मी म्हटलं, "तुम्ही शेवटचं कधी पळालाय?"

"मी कशाला पळू?"

"मग नंबराचं बोलू नका. सहासष्टाव्या वर्षी हाफ मारली त्यांनी. दोन तास चोवीस."

"ती पोरं तासा-सव्वा तासात येत्यात म्हणं. म्हंजे दुप्पट की."

माझं डोकं सरकलं. तुमच्याशी बोलत नव्हतो म्हणून काय झालं, तुमच्या वेळेला कुणी माझ्यासमोर नावं ठेवायची? मी खुर्चीतून उठलो.

"ती नुसती दोन चोवीस न्हवं! नीट ऐका. त्या दिवशी वळण चुकीचं होतं. सगळे पंपापाशी वळले. सगळे! एकटे अप्पा काट्यापर्यंत जाऊन आले. बाकीच्यांनी तीनशे मीटर कमी मारलं, आणि ह्या माणसानं पुरं मारलं. ट्रॉल्यांच्या गर्दीतनं. सहासष्टाव्या वर्षी. आता म्हणा दुप्पट!"

मेव्हण्यांनी मान खाली घातली. आणि ओंकार, कपातला चहा हलवत, अगदी हळू म्हणाला, "काका, सगळे म्हणजे... तुम्ही पण?"

जन्मभर सौदे केले मी. समोरच्याच्या तोंडून आकडा काढून घ्यायचा, आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही, हा माझा धंदा. त्या दिवशी माझ्याच तोंडून गेला. तुमची दोन चोवीस खरी करायची तर माझी एक अठ्ठावन्न खोटी होत होती. दोन्ही एकाच काट्यावर ठेवलेल्या. मला तिथल्या तिथं फिरवता आलं असतं. मला फिरवता येतं, तुम्हाला माहीत आहे. मी नाही फिरवलं. मेव्हणे समोर बसले होते, आत काकी होत्या. त्यांच्यासमोर तुमचा भाव पाडणं मला जमलं नाही.

"व्हय," मी म्हणालो. "मी पण."

काकी दारात आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "आनंदा, बस. चहा गार झाला, दुसरा घे." मग कप देताना खालच्या आवाजात म्हणाल्या, "रोज येऊन सांगायचे तुझं. आज बी उलटाच पळतोय गडी म्हणायचे. पण दम वाढलाय त्याचा, म्हणायचे."

दम वाढलाय. हे तुम्ही बायकोला सांगितलंत. रोज दोनदा समोर येत होतो, मला सांगायला काय झालं होतं? हात वर करत होतात, तोंड उघडता येत नव्हतं? मी हात वर केला नाही हे खरं. करायला हवा होता असं मी अजूनही म्हणत नाही. पण "दम वाढलाय" एवढे दोन शब्द तुम्ही ओरडून टाकले असते तर मी थांबलो असतो, आणि काय सांगता, कदाचित तिथंच पुन्हा भांडलोही असतो. तेही राहिलं.

शनिवारी बारावं झालं आणि काल, रविवारी, मी ती हाफ पुन्हा पळालो. ना नंबराचा कागद छातीवर, ना पदक, ना शिट्ट्या मारणारी पोरं. मैदानाच्या झेंड्याच्या खांबापासून वजनकाट्याच्या दारापर्यंत आणि परत. ओंकार सोबतीला पळाला. मी त्याला बजावलं होतं, वेळ सांगायची नाही, फक्त पाणी द्यायचं. विद्याताई खांबापाशी घड्याळ घेऊन थांबली होती. तिला म्हटलं, "तुम्ही शाळेत मार्क देता तसं बघायचं. ओळखीचा म्हणून नाही."

पहाटेची थंडी अजून आहे. रस्त्याच्या कडेनं उसाची चिपाडं पडलेली. पेट्रोल पंप आला तेव्हा माझे पाय आपोआप वळायला लागले, अप्पा. शरीर किती लबाड असतं बघा, एकदा मिळालेली सवलत विसरत नाही. मी मोठ्यानं शिवी दिली. कुणाला दिली ते मला माहीत नाही, बहुतेक तुम्हाला. आणि सरळ गेलो.

पंपापासून काट्यापर्यंतचं ते अंतर ट्रॅक्टरवर बसून कधी जाणवलं नव्हतं. दीडशे मीटर म्हणजे काहीच नाही. रस्ता जरा चढता आहे तिथं, तेही कधी जाणवलं नव्हतं. वाटेत एकच विचार होता, की तुम्ही ह्याच तुकड्यात ट्रॉल्यांच्या मधून गेलात. आणि आता एक गोष्ट सांगतो, ती कुणाला बोललो नाही. त्या दिवशी रांगेत उभे असलेले निदान दोन ट्रॅक्टर मी विकलेले होते. वळण अलीकडं आणणारे माझेच ट्रॅक्टर. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही वर्षभर हसला असता. म्हणून नव्हतं सांगितलं.

काट्याचा राखणदार शेकोटीपाशी होता. मला धापा टाकत आत शिरताना बघून उठला. "काय पावणं, काय पायजे?"

"हात लावायचाय."

"कशाला?"

"काट्याला."

त्यानं मला वरून खाली न्याहाळलं. "माणसाचं वजन होत न्हाई हितं. कमीत कमी ट्रॉली लागती."

मी वाकून लोखंडी पत्र्याला हात लावला. गार होता, दवानं ओला. तोच ओला हात तोंडावरून फिरवला आणि वळलो. मागून राखणदार ओंकारला विचारत होता, "नवस हाय काय ह्यांचा?" ओंकार म्हणाला, "तसंच काहीतरी."

परतीचं सगळं लिहीत नाही. तुम्ही पळालाय, तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या टप्प्यात ओंकारनं तोंड उघडलं, "काका, आता काढा." म्हणजे थोडक्यात होतं. मी काढलं. होतं नव्हतं ते काढलं. मैदानात शिरलो, गेट गेलं, आणि तुमचं ते गेटाचं आणि फलाटाचं वाक्य कानात असं घुमलं की खांबाला धडकेपर्यंत मी थांबलो नाही. खांबाला मिठी मारूनच उभा राहिलो.

विद्याताई घड्याळाकडं बघत होती.

"सांगा."

"दोन तास," ती म्हणाली. मग शाळेतल्या बाईच्या आवाजात, "आणि चाळीस सेकंद."

आम्ही तिघं त्याच टेबलावर जाऊन बसलो. मालकानं न विचारता मिसळ आणली. तीन ताटल्या. चौथ्या खुर्चीवर ओंकारनं आपला घामेजलेला शर्ट टाकला होता. मी तो उचलायला लावला.

ओंकार म्हणाला, "काका, त्या राखणदाराशी बोलण्यात गेली की चाळीस सेकंदं. ती वजा करा. दोनच्या आत बसतंय."

विद्याताई म्हणाली, "आणि परतताना ती जनावरं आडवी आली म्हणताय. ते धरायला नको का? मी तर म्हणते दोन तासच झाले. चाळीस सेकंद कोण बघतंय?"

आजवर कुणी मला न मागता एवढी सूट दिली नव्हती. दोघंही प्रेमानं देत होती. समोर ताटली, वर कांदा, लिंबाची फोड, कटाचा वास नाकात शिरलेला, आणि पोटात आग. मी घ्यायचं म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. बोलणारा एकटाच होता, तो नव्हता.

"मी बघतोय की," मी म्हणालो.

ताटली ओंकारकडं सरकवली आणि चहा सांगितला.

त्या दोघांनी मिसळ खाल्ली. रीतीप्रमाणं त्यांचा तो हक्क. त्यांनी मान्य केली माझी वेळ. मी चहा प्यायलो आणि कप उपडा ठेवला. मालकानं विचारलं, "का हो आनंदाशेठ, पोट बरं न्हाई काय?" मी म्हटलं, "पोट बरं हाय. भाव जमला न्हाई अजून."

आता तुम्ही तिकडं मिशीतल्या मिशीत हसत असाल तर थांबा. तुमचं बरोबर होतं असं मी कुठंही लिहिलेलं नाही. शब्द तुम्ही वाईट वापरलात, तो मी विसरणार नाही. मिसळ खाऊन मग बाजूला घेऊन सांगता आलं असतं. माणसानं जीव काढलेला असतो, त्याला एक दिवस तरी तो आनंद खिशात ठेवू द्यावा. हे भांडण मी तुमच्याशी आयुष्यभर भांडणार आहे, आणि तुम्ही उत्तर देत नाही म्हणून जिंकलो असंही म्हणणार नाही. पण एक मान्य करतो. माझ्या आयुष्यात मला ज्यांनी ज्यांनी काही दिलं, त्या प्रत्येकानं मी मागितल्यापेक्षा कमी दिलं आणि मी ते घासून वाढवून घेतलं. तुम्ही एकट्यानं माझ्याकडून जास्त मागितलंत. आणि खाली आला नाहीत.

आज सकाळी रंकाळ्यावर गेलो. पूर्वीसारखा, सरळ बाजूनं पळालो. उलटं पळण्यात आता अर्थ नाही. समोरून कुणी येत नाही. पायांत गोळे आहेत, गुडघा ठणकतोय, सुरेखा म्हणते आठवडाभर बसा घरी. बसणार नाही.

चाळीस सेकंदं आहेत, अप्पा. कमी करून मागणार नाही. दोनच्या आत, काट्याला हात लावून, खांबापर्यंत. भाव तुम्ही सांगितला तोच राहू दे. त्या दिवशी मिसळ मी खाईन, आणि तुमचे तीन पावही मीच खाईन.